गाडीचं पॉलिश मशीनने करावं की हाताने? नाशिकच्या धुळीत गाडी चालवणाऱ्यांनी आधी क्लिअर कोट समजून घ्यावा

दसऱ्याच्या आधीचा आठवडा आला की नाशिकमधल्या वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते. खंडेनवमीला पूजा, दसऱ्याला झेंडूचा हार, मग गाडी चकाचक नको का? याच दिवसांत इन्स्टाग्रामवर ते ठरलेले रील्सही फिरायला लागतात. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी, एका बाजूला धुरकट, ओरखड्यांनी भरलेला रंग आणि दुसऱ्या बाजूला थेट आरसा. मशीन गरगरतं, पट्टी निघते आणि खाली कमेंट्समध्ये भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो, मशीन लावलं की रंग पातळ होतो, हातानेच करा. दुसरा म्हणतो, हाताने पॉलिश म्हणजे गाडीची नुसती मालिश, पैसे वाया.

गंमत म्हणजे दोन्ही गटांचं अर्धं अर्धं बरोबर आहे.

मशीनने रंगाचा थर खरंच कमी होतो. पण हाताने घासला तरी तो कमी होतोच, फक्त खूपच कमी. मुळात घोळ 'पॉलिश' या शब्दाने घातलाय. बुटाला पॉलिश म्हटलं की आपण वरून काहीतरी लावतो. लाकडी कपाटाला पॉलिश म्हटलं तरी तेच. पण तांदळाला पॉलिश करतात तेव्हा काय होतं? वरचा कोंडा काढून टाकतात. गाडीचं पॉलिश हे बुटाच्या नाही, तांदळाच्या जातीचं आहे. त्यात लावायचं कमी आणि काढायचं जास्त.

म्हणून खरा प्रश्न असा की काढण्यासारखं तिथे आहे तरी किती?

पिशवीइतका जाड थर

नाशिकचं आणि गाड्यांचं नातं जुनं आहे. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाहेर पडली आणि शहराचं नाव देशभरातल्या गाडीवाल्यांच्या तोंडी गेलं. अशा कोणत्याही आधुनिक कारखान्यात गाडीचा रंग एका फटक्यात लागत नाही. पत्रा आधी रसायनांनी धुतला जातो, त्यावर फॉस्फेटचा थर बसतो. मग अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात, म्हणजे गंजरोधक थर कानाकोपऱ्यात जाऊन चिकटतो. त्यावर प्रायमर, त्यावर बेस कोट म्हणजे आपल्याला दिसतो तो लाल, काळा, चंदेरी रंग. आणि सगळ्यात वर रंगहीन, पारदर्शक असा क्लिअर कोट. हा वरचा थर साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजून पक्का केला जातो.

हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १३० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट असतो ३५ ते ५० मायक्रॉन.

मायक्रॉन हा शब्द महाराष्ट्राला प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी शिकवला. '५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालणार नाही' ही पाटी कित्येक वर्षं प्रत्येक भाजीवाल्याकडे होती. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे दहा-पंधरा लाखांच्या गाडीला ऊन, पाऊस आणि पक्ष्यांच्या शिटीपासून वाचवणारं जे कवच आहे, ते भाजीच्या त्या पिशवीएवढं जाड आहे. अनेकदा त्याहून पातळच.

या कवचाची दोन कामं. एक, चमक देणं. दुसरं जास्त महत्त्वाचं, उन्हातली अतिनील किरणं अडवणं. त्यासाठी क्लिअर कोटमध्ये खास रसायनं मिसळलेली असतात. हा थर फार पातळ झाला की खालचा रंग उन्हात उघडा पडतो. जुन्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटलेले तुम्ही पाहिले असतील. तो क्लिअर कोटचा शेवट. तिथे मग मशीन, हात, मेण काहीही लावा, उपयोग नाही. तो पॅनल नव्याने रंगवावाच लागतो.

आणि इथेच खरं नुकसान आहे. गॅरेजमध्ये गाडी पुन्हा रंगवताना ती १४० अंशांवर भाजता येत नाही. आत वायरिंग असतं, सीट असतात, डॅशबोर्ड असतो. म्हणून तिथे वेगळा, हार्डनर मिसळलेला रंग वापरतात आणि तो साठेक अंशांवर किंवा नुसताच हवेवर सुकवतात. चांगला पेंटर असेल तर कामही चांगलं होतं, पण कारखान्यातला भाजलेला थर एकदा गेला की तो परत मिळत नाही. विकायला गेल्यावर 'ओरिजिनल पेंट' असेल तर भाव वेगळा मिळतो, त्याचं कारण हेच.

मग हाताच्या पॉलिशचं एवढं कौतुक का?

कारण एकेकाळी ते खरोखर चालायचं.

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीने 'ड्युको' नावाचा लॅकर रंग बाजारात आणला. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे. ड्युकोने ते काम कितीतरी पटकन होऊ लागलं आणि गाड्यांचे कारखाने वेगाने पळायला लागले. कंपनीचं ते नाव आपल्याकडे इतकं रुजलं की आजही फर्निचरवाले 'ड्युको फिनिश' म्हणतात आणि जुने पेंटर गाडीच्या रंगाला सरळ 'ड्युको' म्हणतात.

त्या काळच्या रंगांवर वेगळा क्लिअर कोट नसायचा. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घ्या किंवा अ‍ॅम्बॅसेडर, रंग एकाच जातीचा असायचा आणि तोच उन्हापावसाला सामोरा जायचा. काही वर्षांत वरचा पापुद्रा विटायचा, खडूसारखा व्हायचा. हा विटलेला थर मऊ असतो. रबिंग कंपाउंड आणि फडकं घेऊन बसलं की तो हातानेही निघायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. पांढरी गाडी असेल तर फडकं पांढरं, निळी असेल तर निळं. रविवारची सकाळ आणि भरपूर घाम, बस्स.

आजचा क्लिअर कोट त्या मानाने कडक असतो. त्यावर हाताने कितीही जोर लावला तरी ओरखडे सहज निघत नाहीत. वडिलांचा किंवा काकांचा अनुभव खोटा नव्हता, त्यांच्या गाडीचा रंग वेगळा होता.

यातून एक कामाची खूणही मिळते. आज तुमच्या गाडीवर पॉलिश करताना फडक्याला किंवा पॅडला गाडीचा रंग लागायला लागला तर काम तिथल्या तिथे थांबवा. एक तर तुमची गाडी क्लिअर कोट नसलेल्या रंगाची आहे (काही साध्या रंगांच्या व्यावसायिक गाड्या आजही तशा असतात), नाहीतर क्लिअर कोट फाडून पॅड खाली पोहोचलाय.

ओरखडे येतात कुठून?

मशीन की हात हा वाद घालण्याआधी हे बघायला हवं, कारण बहुतेक ओरखडे रस्त्यावर नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडतात.

सकाळी सहाला गाड्या पुसणारा येतो. एक बादली, एक फडकं आणि दहा-पंधरा गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाशी गाळ साचलेला असतो आणि तोच फडक्यातून पुढच्या गाडीवर फिरतो. त्याची यात चूक नाही, महिन्याला जे पैसे मिळतात त्यात प्रत्येक गाडीला नवं पाणी आणि नवं कापड कसं परवडणार? पण क्लिअर कोटच्या दृष्टीने हे रोज सकाळी बारीक वॉटर पेपर मारण्यासारखंच आहे. कोरड्या धुळीवर पिवळं फडकं फिरवणं किंवा झटकणीने गाडी झटकणं हेही त्याच माळेचं. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक असतात.

नाशिकमध्ये धुळीला तोटा नाही. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या पोटातून जातो, दोन्ही बाजूंना बांधकामं सुरू असतात आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीची खोदकामं आहेतच. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कडेला गाडी उभी राहिली तर बोर्डो मिश्रणाच्या फवारणीचे थेंब उडतात. मोरचूद आणि चुन्याचं ते पाणी वाळलं की निळसर पांढरे ठिपके पडतात. बोअरच्या पाण्याने भर उन्हात गाडी धुतली तर क्षारांचे गोल डाग राहतात. ते वेळेत निघाले नाहीत तर क्लिअर कोटमध्ये खड्डा करून बसतात.

आता एक प्रयोग. रात्री पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर मोबाईलचा फ्लॅश टाका. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतील. यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात. बघून वाटतं, कोणीतरी गोल गोल घासलंय. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना सरळ-वाकडे पडलेले असतात. त्यातले जे प्रकाशाच्या दिशेला आडवे आहेत तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ तयार झाल्याचा भास होतो. फ्लॅश पुढे सरकवा, जाळंही पुढे सरकेल. 'गोल पुसू नका, सरळ पुसा' हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. मळकं फडकं सरळ फिरवलं तरी ओरखडा पडतोच.

हाताने काय होतं, काय होत नाही

पॉलिश म्हणजे मलमासारखी पेस्ट, तिच्यात अतिशय बारीक कण. हे कण क्लिअर कोटचा वरचा भाग खरवडतात. ओरखडा म्हणजे एक छोटी चर. चर बुजवता येत नाही, म्हणून आजूबाजूची जमीनच चरीच्या तळापर्यंत खाली आणायची. ओरखड्याचं पॉलिश म्हणजे एवढंच.

यासाठी त्याच जागेवरून ते कण शेकडो वेळा, सारख्या दाबाने फिरायला हवेत. माणसाचा हात सेकंदाला दोन फेऱ्या मारतो असं धरलं तर मिनिटाला झाल्या १२०. साधं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन मिनिटाला चार हजारांच्या वर हेलकावे देतं. म्हणजे मशीनच्या एका मिनिटासाठी हाताला अर्ध्या तासाहून जास्त वेळ राबायला हवं, तेही न थकता आणि दाब न बदलता. अख्खी गाडी सोडा, एक दरवाजा करतानाच खांदा बोलायला लागतो. शिवाय बोटांचा दाब सारखा नसतो. जिथे बोटं टेकतात तिथे जास्त घासलं जातं, मधल्या फटीत कमी. काळ्या गाडीवर मग बोटांच्या पट्ट्या उमटतात.

त्यामुळे अख्ख्या गाडीवरचे स्वर्ल मार्क्स हाताने काढून देतो असं कोणी म्हणालं तर दोनच शक्यता आहेत. त्याला काम माहीत नाही, नाहीतर तो ओरखडे काढणार नाहीये, लपवणार आहे. लपवण्याचं पुढे बघू.

पण हाताचं काम संपलेलं नाही. दरवाजाच्या हँडलमागच्या खोलगट जागेत नखांचे ओरखडे पडतात, तिथे मशीन शिरत नाही. मागच्या नावाच्या अक्षरांभोवती, आरशाच्या बुडाशी, बॉनेटच्या धारदार कडांवर, बारीक खांबांवर हातच बरा. पक्ष्याच्या शिटीचा एकच डाग असेल तर त्यासाठी मशीन काढायची गरज नाही, स्पंजच्या तुकड्यावर थोडं पॉलिश घेऊन तेवढीच जागा घासता येते. आणि मेण किंवा सीलंट लावायचं असेल तर हात आणि मशीन यात फारसा फरक पडत नाही, कारण तिथे काही खरवडायचं नसतं. पातळ थर सारखा पसरला म्हणजे झालं.

हाताचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो चूक करायलाही वेळ देतो. हाताने घासून क्लिअर कोट फाडायला फारच हट्टी माणूस लागेल.

मशीन म्हणजे नेमकं कोणतं मशीन?

इथे बहुतेक रील्स गप्प असतात आणि सगळा खेळ तर इथेच आहे. दुकानात 'मशीन पॉलिश' अशी एकच पाटी असली तरी मशीन दोन वेगळ्या जातींची असतात.

पहिलं रोटरी. यात पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरतो, मिनिटाला साधारण ६०० ते ३००० फेरे. ताकद भरपूर, काम झटपट. पण सगळं घर्षण त्याच जागी होत राहतं, त्यामुळे रंग तापतो. मशीन दोन-चार सेकंद जास्त रेंगाळलं, थोडं तिरकं झालं किंवा कडेवर टेकलं की क्लिअर कोट जळू शकतो. अनुभवी हातात रोटरी जादू करतं, खोल ओरखडे तेच काढतं. कच्च्या हातात ते एकामागोमाग एक धुरकट लाटा सोडत जातं. यांना होलोग्राम म्हणतात. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली त्या दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडवर उन्हात गाडी उभी केली की बॉनेटवर साप फिरल्यासारखे पट्टे दिसतात आणि मग मालक म्हणतो, मशीनने वाट लावली.

दुसरं ड्युअल अ‍ॅक्शन, दुकानात सगळे डीए म्हणतात. यात पॅड फिरतोही आणि त्याच वेळी झोकांड्याही खातो, मशीनप्रमाणे ८ ते २१ मिलिमीटरच्या वर्तुळात. त्यामुळे पॅडचा कोणताही बिंदू एकाच रेषेत घासत राहत नाही, उष्णता पसरते, होलोग्राम सहसा येत नाहीत. जास्त दाबलं तर बहुतेक डीए मशीनमध्ये पॅडचं फिरणं थांबतं आणि तो नुसता थरथरत राहतो. नवख्या माणसासाठी ही आपोआप मिळालेली ब्रेक आहे. वेळ जास्त लागतो, पण गाडी वाचते.

तिसरा प्रकार मशीनच्या यादीत धरूच नये, पण काही ठिकाणी तो दिसतो. लोखंड कापायच्या ग्राइंडरला लोकरीचा पॅड लावलेला. छोटा ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या पुढे फेरे मारतो. तो गाडीच्या रंगासाठी बनलेलाच नाही. हातात ग्राइंडर दिसला तर किल्ली परत मागून घ्या, लाजायचं काही कारण नाही.

मशीनपेक्षाही पॅड आणि कंपाउंड यांची जोडी जास्त ठरवते. लोकरीचा पॅड आणि जाड कंपाउंड म्हणजे भरपूर खरवडणं. मऊ फोम आणि बारीक पॉलिश म्हणजे फक्त शेवटचा हात. ढोबळमानाने जाड कंपाउंडचा एक पूर्ण फेरा काही मायक्रॉन नेतो, बारीक पॉलिश एखाद-दोन किंवा त्याहून कमी. ४० मायक्रॉनच्या ठेवीतून हे पैसे काढणं आहे आणि या खात्यात पुन्हा भरणा करता येत नाही. दर दसऱ्याला जाड कंपाउंड मारून घेणाऱ्याचं खातं काही वर्षांत तळ गाठतं.

कडांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. रंग ओला असताना धारदार कडेवरून तो मागे ओढला जातो, त्यामुळे तिथे थर आधीच पातळ असतो. वर पॅडचा सगळा दाब तिथेच येतो. म्हणून नीट काम करणारे कारागीर कडांना, रबराला आणि अक्षरांना आधी मास्किंग टेप लावून घेतात. बंपरही जपायचा असतो. तो प्लॅस्टिकचा, पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, त्यामुळे पटकन तापतो आणि रंग सुरकुततो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर मशीन चालवणं हाही गुन्हाच. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा उघड्यावर उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेववत नाही. पॉलिश तिथे लावताक्षणी वाळतं आणि कामाऐवजी धूळ होतं.

चमक खरी की उधारीची?

टूथपेस्ट, खोबरेल तेल, रॉकेल. ओरखडा घालवण्याचे हे घरगुती उपाय रील्सवर लाखोंनी बघितले जातात आणि कॅमेऱ्यासमोर ते चालतातही. तेल ओरखड्याच्या चरीत भरतं, प्रकाश विखुरणं थांबतं, ओरखडा गायब. दोनदा गाडी धुतली की तो परत हजर. टूथपेस्टमध्ये खरवडणारे कण असतात, पण ते दातांसाठी मोजलेले, क्लिअर कोटसाठी नाही. ती ओरखडा थोडा फिका करते आणि आजूबाजूला धुरकट चट्टा ठेवून जाते.

हाच खेळ दुकानातही होतो, फक्त महागड्या बाटलीतून. काही पॉलिशमध्ये आणि ग्लेझमध्ये तेलं आणि भराव असतो. एका तासात अख्खी गाडी आरशासारखी करून मिळाली तर बहुधा हेच झालंय. सर्व्हिसिंगसोबत मोफत मिळणारं पॉलिशही अनेकदा या वर्गातलं असतं. घाईत, न नीट धुतलेल्या गाडीवर, आधीच्या पाच गाड्यांवर फिरलेल्या पॅडने. ते फुकट असलं तरी नाही म्हणावं.

तपासायचं कसं? पॉलिश झाल्यावर एका चौकोनात पाणी मिसळलेलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसायला सांगा. त्याने तेल आणि भराव निघून जातो. मग त्या जागेवर मोबाईलचा फ्लॅश टाका. जाळं परत दिसलं तर ओरखडे तिथेच आहेत, तुम्ही पैसे दिलेत ते झाकण्याचे. चांगली दुकानं ही पुसणी स्वतःहून करतात.

आणि काही ओरखडे कोणीच काढू नयेत. नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. तो पूर्ण घालवायचा म्हणजे आजूबाजूचा क्लिअर कोट जवळपास संपवायचा. तिथे कडा थोड्या मऊ करून घ्याव्यात आणि उरलेल्यासोबत राहावं. खाली करडा प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी टचअप लावणं जास्त निकडीचं, पॉलिशचा तिथे संबंध नाही.

दुकानात शिरल्यावर

पहिला प्रश्न किमतीचा नको, मोजणीचा असू द्या. पेंट जाडी मोजायचं छोटं यंत्र आहे का? ते पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. यंत्र सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि नेहमीचं यंत्र प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. तरी त्याच्यावाचून काम करणं म्हणजे बँक बॅलन्स न बघता चेक फाडणं. बाकी पत्र्यावर ११०-१२० दिसत असताना एखाद्या दरवाजावर ८० दिसलं तर तिथे आधीच कोणीतरी हात मारून गेलंय. २०० च्या वर गेलं तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. ५०० च्या पुढे आकडा गेला तर खाली पुट्टी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत लांबी भरलेली आहे. जुनी गाडी घेताना हेच यंत्र विकणाऱ्याच्या गोड बोलण्यापेक्षा जास्त खरं बोलतं.

दुसरं, पॉलिशच्या आधी काय करणार ते विचारा. नुसतं पाणी मारून मशीन लावणार असतील तर पॅडखाली धूळच घासली जाणार. आधी शाम्पूने धुणं, मग क्ले बार. हा मातीच्या गोळ्यासारखा लगदा रंगात रुतून बसलेली कणी ओढून काढतो. मग टेप, मग दीड फुटाच्या चौकोनात चाचणी. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिशने सुरुवात, त्याने भागलं नाही तरच एक पायरी वर. हे सगळं नीट केलं तर छोट्या हॅचबॅकलाही अर्धा दिवस जातो. खराब झालेल्या काळ्या एसयूव्हीला दोन दिवस लागले तर तो आळस समजू नका.

सिरॅमिक कोटिंगबद्दल एवढंच की ते पारदर्शक असतं, खाली जे आहे ते जसंच्या तसं दाखवतं. ओरखडे न काढता वर कोटिंग चढवलं तर ओरखडे कोटिंगखाली बंद होतात. जाहिरातीतलं '9एच' हे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याचं नाही. सोसायटीतल्या त्याच बादलीने ती गाडी रोज पुसली तर कोटिंगवरही जाळं पडतं. पॉलिशवर खर्च करण्याआधी गाडी पुसणाऱ्या दादांना दोन मायक्रोफायबर कापडं घेऊन द्यावीत आणि कोरडी धूळ पुसू नका, आधी पाणी सोडा, एवढं सांगावं. त्यापेक्षा स्वस्त पेंट संरक्षण बाजारात नाही.

राहिला प्रश्न किती वेळा. काळ्या, गडद निळ्या, लाल गाडीवर सगळं दिसतं, म्हणून मालकांना दर सहा महिन्यांनी हात खाजतो. तो आवरावा. नीट धुतलेल्या गाडीला डीएने एक हलका हात दोन-तीन वर्षांतून पुरतो, मधल्या काळात हाताने मेण. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर ओरखडे दिसायलाच शोधावे लागतात. त्यांना पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर हाताने मेण लावलं तरी भागतं, मशीनचा विषय काढायची गरज पडत नाही. आणि एखादा पॅनल नुकताच गॅरेजमध्ये रंगवून घेतला असेल तर पेंटरने सांगितलेले दिवस, बहुधा महिना ते तीन महिने, त्यावर मेणसुद्धा लावू नये. आतली थिनर त्या काळात अजून बाहेर पडत असतात.